नऊ रात्रींचा आसरा

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



उत्सवाच्या प्रसंगीं व्याख्यात्यानें गतकाळ आठवावा, पूर्वजांची स्तुति करावी आणि श्रोत्यांस प्रसन्न चित्तानें घरीं पाठवावें, असा सामान्यतः प्रघात आहे. मंडळाच्या चिटणिसांनीं विषय निवडण्याची मोकळीक मला दिली, तेव्हां तो प्रघात थोडासा मोडण्याचें मीं ठरविलें. ज्या घरांत एखादा पांगळा मुलगा, मतिमंद मुलगी किंवा मनाचा तोल गेलेला भाऊ आहे, आणि त्याची शुश्रूषा करणारें एकुलतें एक माणूस एकाएकीं अंथरुणास खिळतें किंवा मरण पावतें, त्या घरांतील त्या जीवानें त्या रात्रीं कोठें निजावें, हा माझा आजचा विषय होय. विषय लहान दिसतो. परंतु आपल्या धर्मग्रामांतील निदान कांहीं माता याच एका प्रश्नामुळें रात्रीं डोळा लावीत नाहींत, हें आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक आहे.

प्रारंभीं नांवांविषयीं थोडेंसें सांगतों. आपल्या आजोबांच्या काळीं पांगळा, वेडा, मुका असे शब्द उघडपणें वापरीत. पुढें ‘अपंग’ आला. हल्लीं सरकारी कागदांत ‘दिव्यांग’ असें लिहितात. शब्द सौम्य होत गेले हें चांगलेंच झालें. परंतु नांवें ज्या वेगानें बदललीं त्या वेगानें दारें उघडलीं असतीं, तर मला आज हें व्याख्यान द्यावें लागलें नसतें. मी तिन्ही काळांतील शब्द वापरीन. त्यांत कोणाचा उपमर्द करण्याचा हेतु नाहीं. २०११ सालच्या शिरगणतींत आपल्या देशांत अशा माणसांची संख्या सुमारें २ कोटी ६८ लक्ष भरली. तेव्हां हा कांहीं दोन-चार दुर्दैवी घरांचा खासगी मामला नव्हे.

पूर्वीं आपल्या वसईकडील वाड्यांतून हा प्रश्न उत्पन्नच होत नसे असें नाहीं. परंतु तो घराच्या उंबरठ्याबाहेर पडत नसे. ओटी, माजघर, पडवी असें ऐसपैस घर असे. त्यांत आजी, दोन काकू, लग्न न झालेली एखादी आत्या, आणि दोन घांस अन्नावर राहणारा कोणी दूरचा मामा असे. आई आजारी पडली तर आत्या त्या मुलास जेवूं घाली. आत्या भाजी घेऊन बाजारास गेली तर विहिरीवरील शेजारीण त्याजवर लक्ष ठेवी. मूल बोलत नसलें तरी वाडींतील सर्वांस त्याची भाषा समजे. ही व्यवस्था फार सुखाची होती असें भासविण्याची माझी मुळींच इच्छा नाहीं. पुष्कळ घरांत अशा मुलास मागच्या खोलींत ठेवीत, पाहुणे आले म्हणजे दार लोटून घेत, आणि बहिणीचें लग्न ठरेपर्यंत त्याचें नांवही काढीत नसत. तथापि छप्पर होतें, आणि रात्रीं कोणीतरी जागें असे.

आतां वाड्या मोडल्या व तेथें चार मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. मुलें नोकरीसाठीं आखातांत, कॅनडांत, ऑस्ट्रेलियांत गेलीं. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत सत्तर वर्षांची आई आणि पंचेचाळीस वर्षांचा मुलगा, अशीं दोघेंच राहतात. मुलगा आपल्या हातानें जेवतो, परंतु त्यास आंघोळ घालावी लागते; तो हंसतमुख आहे, परंतु अनोळखी माणसानें हात धरला तर घाबरून ओरडतो. अशा आईला एके रात्रीं छातींत कळ येते. शेजारी धांवतात, गाडी येते, आईला इस्पितळांत नेतात. आणि मुलगा? इस्पितळवाले म्हणतात, हा आजारी नाहीं, याला खाट देतां येत नाहीं. वृद्धाश्रम म्हणतो, हा वृद्ध नाहीं. बालकाश्रम म्हणतो, याचें वय अठराच्या वर गेलें. बेघरांचा रात्रनिवारा म्हणतो, याला तर घर आहे! चारही उत्तरें नियमाप्रमाणें बरोबर आहेत, आणि चारही उत्तरांची बेरीज केली असतां तो मुलगा इस्पितळाच्या व्हरांड्यांतील बांकावर पहांटेपर्यंत बसलेला आढळतो. ती आई पुढें बरी होऊन घरीं आली म्हणजे पहिली प्रार्थना कोणती करते, हें मीं अनेक मातांच्या तोंडून ऐकलें आहे. ‘प्रभो, माझ्या आधीं त्याला ने’, ही ती प्रार्थना. ज्या धर्मग्रामांत आईला आपल्या लेकराचें मरण मागावें लागतें, तेथें मनोऱ्याच्या रंगरंगोटीविषयीं मला फारसा उत्साह वाटत नाहीं. फादरांनीं क्षमा करावी.

नियम सर्व बरोबर आणि माणूस मात्र रस्त्यावर, ही गोष्ट नवीन नाहीं. इटली देशांत तुरीन शहरीं १८२७ सालच्या सप्टेंबर महिन्यांत एक फ्रेंच कुटुंब प्रवासांत अडकलें. पत्नी गरोदर होती व तापानें फणफणली होती. सार्वजनिक इस्पितळानें तिला घेतलें नाहीं, कारण ती गरोदर होती. प्रसूतिगृहानेंही घेतलें नाहीं, कारण तिला ताप होता. शेवटीं भिकाऱ्यांच्या उतारशाळेंत, नवरा व मुलें पाहत असतां, ती मरण पावली. तिला अंतिम संस्कार देण्यास ज्या धर्मगुरूस बोलाविलें त्याचें नांव जुझेप्पे बेनेदेत्तो कोत्तोलेंगो. त्यानें पुढील जानेवारींत थोड्याशा भाड्याच्या खोल्या घेतल्या आणि चार खाटा मांडल्या. ज्यांस दुसरें कोणीही घेत नाहीं, केवळ त्यांच्यासाठीं! १८३१ सालीं कॉलऱ्याच्या भीतीनें सरकारनें त्या बंद करविल्या. १८३२ सालीं शहराबाहेर वाल्दोक्को येथें त्यानें पुन्हां आरंभ केला, व त्यांतून ‘ईश्वरी तरतुदीचें लहान घर’ ही प्रचंड संस्था वाढली. १९३४ सालीं पोपमहाशयांनीं त्यास संतपद दिलें. मला त्या प्रचंड संस्थेपेक्षां त्या पहिल्या चार खाटाच अधिक महत्त्वाच्या वाटतात, कारण त्या मांडण्यापूर्वीं त्यानें ‘तुझा रोग कोणत्या सदरांत बसतो’ असें विचारलें नाहीं.

आपण ज्या पन्नासाव्या वर्षाचा हा सोहळा करीत आहों, त्याचें मूळ लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत आहे. त्या वर्षीं शिंग फुंकावें, गहाण पडलेली जमीन मूळ धन्यास परत द्यावी, आणि प्रत्येक माणसानें आपल्या वतनाकडे व आपल्या कुळाकडे परत जावें, अशी तेथें आज्ञा आहे. ज्युबिली म्हणजे घरीं परतण्याचें वर्ष. मेजवानी व स्मरणिका या नंतरच्या. स्मरणिकेचे संपादक समोर बसले आहेत म्हणून हें जरा हळूच सांगतों.

आतां ज्या गांवाची हकीकत सांगण्याकरितां मी मुख्यतः उभा राहिलों, त्याकडे वळतों. बेल्जम देशाच्या अँटवर्प प्रांतांत केंपेन नांवाचा रेताड मुलूख आहे. त्यांत गील हें गांव आहे. तेथें संत डिम्फ्ना हिचें देऊळ आहे. परंपरागत कथा अशी कीं, ती आयर्लंडांतील एका मूर्तिपूजक राजाची कन्या. आई ख्रिस्ती होती. आई निवर्तल्यावर राजा दुःखानें भ्रमिष्ट झाला व स्वतःच्या मुलीशींच विवाह करण्याची दुर्बुद्धि त्यास झाली. ती आपले धर्मगुरु गेरेबर्नुस यांजबरोबर समुद्र ओलांडून पळाली व गील येथें राहिली. बापानें तिचा माग काढला आणि स्वहस्तें तिचा शिरच्छेद केला. हें सातव्या शतकांत घडलें असें म्हणतात. कथा मात्र तेराव्या शतकांत कॅम्ब्रे येथील पेत्रुस नांवाच्या धर्मगुरूनें लिहून ठेविली. इतिहास किती व दंतकथा किती, हा वाद पंडितांस करूं द्या. भ्रमिष्टाच्या हातून मेलेली कुमारिका भ्रमिष्टांचीच कैवारी मानली गेली, ही गोष्ट मला ख्रिस्ती मनाची मोठी खूण वाटते.

रोग्यांस घेऊन दूरदूरचे लोक त्या देवळीं येऊं लागले. देवळाच्या भिंतीस लागूनच रोग्यांसाठीं एक निवास बांधलेला होता. तेथें रोग्यानें नऊ दिवस राहावें, प्रार्थना कराव्या, संतेच्या अवशेषांच्या पेटीखालून रांगत जावें, असा नोवेनाचा क्रम असे. आतां गंमत पाहा. निवासांत जागा थोडी, आणि येणारे पुष्कळ. म्हणून पाळी येईपर्यंत रोग्यास शेजारच्या एखाद्या शेतकऱ्याच्या घरीं ठेवण्याचा प्रघात पडला. नऊ दिवस संपले, गुण आला नाहीं, तर पुन्हां नोवेना करावी म्हणून तो तेथेंच राही. नातलग गांवीं परत जात. महिने जात, वर्षें जात. नऊ रात्रींसाठीं आलेला पाहुणा अशा रीतीनें घरचाच होऊन जाई. कोणी राजानें आज्ञा केली नाहीं, कोणी समिति बसली नाहीं. जागा अपुरी पडली, या एका अडचणींतून जगांतील एक अत्यंत दयाळू रीत जन्मास आली.

पुढें फ्रेंच राज्यक्रांतीची लाट बेल्जमवर आली. देवळांतील उपचार बंद पडले. परंतु घराघरांतील वहिवाट बंद पडली नाहीं. उलट १८०३ सालीं ब्रसेल्सच्या फ्रेंच अधिकाऱ्यानें त्या शहरांतील रोग्यांस कोंडवाड्यांतून काढून गीलच्या कुटुंबांत पाठविलें. सर्व तेथें सोन्यासारखें होतें असें समजूं नका. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तेथील कांहीं रोग्यांच्या पायांत बेड्या असत, आणि शेतकरी फुकटचा मजूर मिळवितात असा आक्षेपही घेतला जाई. म्हणून १८५० सालच्या कायद्यान्वयें सरकारनें ती सर्व व्यवस्था डॉक्टरांच्या देखरेखीखालीं घेतली, आणि १८६२ सालीं गांवांत एक लहानसें इस्पितळ बांधलें. या इस्पितळाकडे माझे विशेष लक्ष आहे. नवा रोगी प्रथम तेथें कांहीं दिवस राही, मग त्यास योग्य घर पाहून देत. आणि घरांत राहणाऱ्याचें दुखणें एकाएकीं उसळलें, किंवा यजमानीण स्वतःच आजारी पडली, तर त्यास तेवढ्यापुरतें तेथें आणीत, व वादळ ओसरल्यावर पुन्हां आपल्या घरीं पोंचवीत. इतर देशांत वेड्यांचें इस्पितळ हेंच घर झालें होतें. गीलमध्यें घर तें घर राहिलें, आणि इस्पितळ ही मधली धर्मशाळा झाली. जुना निवास जें काम प्रार्थनेनें करीत होता, तेंच काम नवें इस्पितळ औषधानें करूं लागलें, इतकेंच.

तेथील घरांत रोग्यास ‘रोगी’ म्हणत नसत. त्यास घरीं जेवणारा-राहणारा अशा अर्थाचा साधा शब्द होता. तो गाई चारी, पाळणा हालवी, बाजारांतून पाव आणी. त्याची मजल चुकली तर गांवांतील कोणतेंही पोर त्यास हात धरून घरीं आणून सोडी. घरधनीण म्हातारी झाली म्हणजे तिची सून त्याला सांभाळी. सून म्हातारी झाली म्हणजे नात. १९३८ सालीं अशा लोकांची संख्या ३,७०० वर गेली होती! केवढें तें गांव, आणि केवढें हें आतिथ्य!

त्यानंतर ओहोटी लागली. शेती कमी झाली, घरें लहान झालीं, बायका कारखान्यांत व कचेऱ्यांत जाऊं लागल्या; १९५० नंतर नवीं औषधें निघालीं व पुष्कळ रोगी स्वतंत्रपणें राहूं लागले. या शतकाच्या आरंभीं संख्या पांचशेंच्या आसपास आली, आणि आज ती त्याहूनही पुष्कळ कमी आहे. २०२३ सालीं युनेस्कोनें या रीतीची आपल्या वारशांच्या नोंदींत गणना केली. एखाद्या रीतीस पदक मिळालें म्हणजे ती थकली असें समजावें, असें कोणी म्हणेल. मी तसें म्हणत नाहीं, कारण रीत अजून जिवंत आहे. परंतु वसईंत जें झालें तेंच गीलमध्यें झालें, हें लक्षांत घ्या. घर लहान झालें. फरक इतकाच कीं, तेथें घर लहान झाल्यावर मदतीस येणारी दुसरी फळी आधींच उभी होती: गांवांतील इस्पितळ, फिरती परिचारिका, यजमानास मिळणारा मुशाहिरा, आणि सुटीच्या दिवसांत रोग्यास दुसऱ्या घरीं ठेवण्याची सोय.

इटलींत त्रिएस्ते येथें १९७१ पासून डॉक्टर फ्रांको बाझाल्या यांनीं तेथील मोठें वेड्यांचें इस्पितळ हळूहळू रिकामें केलें, व १९७८ सालीं नव्या कायद्यानें त्या सर्व देशांत अशा इस्पितळांची भरती बंद झाली. त्यांच्या जागीं वस्तीवस्तींतून रात्रंदिवस उघडीं राहणारीं लहान केंद्रें निघालीं, व त्यांत संकटांतील माणसासाठीं थोड्याशा खाटा ठेविल्या. मोठ्या इमारतीकडून थोड्या खाटांकडे, आणि वर्षांकडून दिवसांकडे, असा हा साऱ्या जगांतील प्रवास आहे.

आपल्या देशांतही एक तीर्थस्थान असेंच प्रसिद्ध झालें, परंतु फार निराळ्या कारणानें. तामिळनाडूंत एरवाडी येथें दर्ग्याच्या आसपास मनोरुग्णांस ठेवण्याच्या खासगी जागा होत्या. ६ ऑगस्ट २००१ रोजीं पहांटे त्यांपैकीं एका जागेस आग लागली, आणि सांखळदंडांनीं बांधलेले २८ जण होरपळून मेले. कोणी म्हणेल, तीं भोळसट माणसें, देवस्थानाच्या नादीं लागलीं. मला हें म्हणणें मान्य नाहीं. गीलचे लोकही देवस्थानाच्याच नादीं लागले होते. श्रद्धेनें रोग्यास देवाच्या दारापर्यंत आणलें, हें दोन्हीकडे सारखेंच. पुढें त्यास कोणाच्या चुलीजवळ जागा मिळाली कीं खांबास बांधलें, यांत सर्व अंतर आहे.

एरवाडीनंतर सर्वोच्च न्यायालयानें या विषयांत लक्ष घातलें, आणि हळूहळू कायदाही बदलला. हा बदल घरोघर ठाऊक असावयास पाहिजे, म्हणून थोडा सविस्तर सांगतों. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें सात प्रकारांऐवजीं एकवीस प्रकारच्या अपंगत्वांस मान्यता दिली, आणि अपंगानें अमुकच ठिकाणीं राहावें अशी सक्ति त्याजवर करतां येणार नाहीं, असें स्पष्ट म्हटलें. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अंमलांत आला. त्याप्रमाणें मनोरुग्णास कोणत्याही प्रकारें सांखळीनें बांधणें निषिद्ध आहे. त्याच्या एकोणिसाव्या कलमांत तर असें म्हटलें आहे कीं, घरचीं माणसें नाहींत, किंवा घरचे घेत नाहींत, किंवा बाहेर राहण्याची सोय नाहीं, एवढ्याच कारणासाठीं कोणास इस्पितळांत ठेवून घेतां येणार नाहीं. सरकारनें अर्ध्या वाटेवरचीं घरें व लहान सामुदायिक निवास काढले पाहिजेत. कलम सुंदर आहे. परंतु २०२१ सालीं सर्वोच्च न्यायालयास आपल्याच महाराष्ट्र राज्यास बजावावें लागलें कीं, मनोरुग्णालयांतील लोकांस भिक्षेकरीगृहांत व तत्सम जागीं हलविणें थांबवा. यावरून कलम व खाट यांमध्यें किती कोसांचें अंतर आहे तें दिसतें.

मतिमंद, स्वमग्न, मेंदूच्या पक्षाघाताच्या व बहुविकलांग व्यक्तींसाठीं १९९९ च्या कायद्यानें राष्ट्रीय न्यास स्थापन झाला आहे. त्याची ‘समर्थ’ नांवाची योजना नेमकी आपल्या प्रश्नासाठींच निघाली: अनाथ, टाकून दिलेले, किंवा ज्यांच्या कुटुंबावर एकाएकीं संकट कोसळलें आहे अशांस तात्पुरतें राहतें घर द्यावें. दुसरी ‘घरौंदा’ नांवाची योजना प्रौढांस आयुष्यभराचें घर देण्याची होती. अलीकडे या दोन्ही योजना एकत्र केल्या आहेत. शासनाच्या दृष्टीनें त्यांत सोय असेल. मला मात्र एक भय वाटतें, तें बोलून दाखवितों. ज्या घरांत कांहीं माणसें जन्मभर राहतात, त्या घरांतील खाटा लवकरच भरतात, आणि भरल्या म्हणजे पुष्कळ वर्षें रिकाम्या होत नाहींत. मग मध्यरात्रीं येणाऱ्यास जागा उरत नाहीं. रिकामी खाट हिशेबनिसाच्या डोळ्यांत खुपते. परंतु संकटकाळच्या आसऱ्याचा सारा अर्थ ती खाट रिकामी असण्यांत आहे. आगीच्या बंबाला रोज आग मिळत नाहीं म्हणून कोणी तो विकून टाकीत नाहीं. शिवाय हा न्यास चारच प्रकारांपुरता आहे. केवळ मनोरुग्ण असलेला भाऊ त्यांत बसत नाहीं. तुरीनची ती फ्रेंच स्त्री पुन्हां आठवते.

आतां आपल्या धर्मग्रामाविषयीं. महोत्सवाच्या निधींतून अपंगांसाठीं एक मोठा आश्रम बांधावा, अशी सूचना कांहीं सभासदांनीं केली आहे. सूचना करणाऱ्यांच्या अंतःकरणाविषयीं मला आदर आहे. तथापि त्यास माझा विरोध आहे, आणि तो मी येथेंच मोकळेपणानें मांडतों. इमारत उभी करणें सोपें, तिच्यांत वीस वर्षें रात्रपाळी करणारीं माणसें मिळविणें कठीण. अशा संस्थेस सरकारी नोंदणी लागते, शिकलेला सेवकवर्ग लागतो, दर महिन्यास पगार द्यावा लागतो. आणि तिच्यांत जाणारा मुलगा आपल्या शेजारापासून, आपल्या देवळाच्या घंटेपासून, ओळखीच्या भाजीवालीपासून तुटतो. पैसा संपला म्हणजे काय होईल, हें मी सांगावयास नको.

माझी सूचना लहान आहे. बारा कुटुंबांनीं पुढें यावें. प्रत्येक कुटुंबानें वर्षांतून फार तर नऊ रात्रींसाठीं एका पाहुण्यास आपल्या घरीं ठेवण्याचें कबूल करावें. नऊ हा आंकडा मीं गीलवरून घेतला आहे. आईची शस्त्रक्रिया, पुण्याहून बहीण येईपर्यंतचा अवधि, वडिलांचें दफन व त्यापुढील पहिले दिवस, हें सर्व बहुधा तेवढ्यांत बसतें. न बसलें तर दुसरें कुटुंब पुढील नऊ रात्री घेईल. आपल्या घरीं ओळखीच्या पाहुण्यास कांहीं दिवस ठेवणें म्हणजे संस्था चालविणें नव्हे, असें मला वाटतें. तरी प्रारंभ करण्यापूर्वीं एका जाणत्या वकिलाचा लेखी सल्ला मंडळानें घ्यावा. दुखणें उसळलेल्या मनोरुग्णाची जबाबदारी मात्र कुटुंबांनीं अंगावर घेऊं नये. तेथें डॉक्टरच पाहिजे. आपलें काम त्यास इस्पितळापर्यंत सोबत करणें, आणि परत आल्यावर दार उघडें ठेवणें.

आणि पाहुणचार संकटाच्या रात्रीं प्रथमच होतां कामा नये. गीलची किल्ली येथेंच आहे. ज्या मुलास अनोळखी हाताची भीति वाटते, त्यानें त्या घरीं आधीं चार रविवार जेवावयास गेलें पाहिजे. तेथील कुत्र्याचें नांव, न्हाणीघराचें दार, रात्रीं दिवा कोठें जळतो, हें त्यास ठाऊक झालें पाहिजे. त्याला तें घर आवडतें कीं नाहीं हें त्याला स्वतःलाच विचारावें. जो बोलत नाहीं तोही सांगतो, आईला समजतें.

एक अप्रिय गोष्टही बोललीच पाहिजे. फ्रान्समध्यें १९६४ सालीं जाँ वानिए या गृहस्थानें मतिमंदांबरोबर एका घरांत राहण्याचा उपक्रम सुरू केला. तो ‘लार्श’ या नांवानें अनेक देशांत पसरला, आपल्या देशांत ‘आशानिकेतन’ या नांवानें आला. काम थोर होतें व अजून चालू आहे. परंतु संस्थापकाच्या मृत्यूनंतर त्याच संस्थेनें चौकशी करविली, आणि त्यानें आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या मिषानें अनेक स्त्रियांवर लैंगिक अत्याचार केल्याचें २०२० सालीं जाहीर केलें. संस्थेनें स्वतः तें जगासमोर मांडलें, हें तिला भूषणावह आहे. यावरून आपण एवढें घ्यावें कीं, पुण्यवान म्हणून कोणासही देखरेखींतून सूट देऊं नये, धर्मगुरूसही नाहीं आणि मलाही नाहीं. पाहुणा ज्या घरीं असेल तेथें दुसऱ्या कुटुंबांतील दोघांनीं रोज, वेळ न कळवितां, जावें. स्त्रीची अंगसेवा स्त्रीनेंच करावी. आणि तक्रार ऐकण्यास मंडळाबाहेरील एक व्यक्ति नेमावी.

खर्च फार नाहीं. दोन घडीच्या खाटा, दोन चाकांच्या खुर्च्या, रबरी चादरी, आणि गाडीभाड्यासाठीं थोडी शिल्लक. आश्रमाच्या पायाभरणीच्या फलकापेक्षांही हें स्वस्त पडेल. मंडळाच्या कपाटांत प्रत्येक मुलाचें एक पत्रक असावें: औषधें कोणतीं व किती वाजतां, काय खाल्लें असतां उलटी होते, कशाची भीति, कशानें शांत होतो, कोणतें गाणें आवडतें. हें पत्रक आईशिवाय कोणी लिहूं शकत नाहीं, आणि ती इस्पितळांत गेल्यावर लिहितां येत नाहीं. तसेंच अठरा वर्षांवरील मतिमंद मुलांच्या कायदेशीर पालकत्वासाठीं जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करावा लागतो. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ या आरोग्यविम्यांतून वर्षास एक लक्ष रुपयांपर्यंत खर्च मिळूं शकतो. हे दोन्ही अर्ज भरून देण्याचें काम आपल्या तरुण मंडळीनें अंगावर घेतलें, तर त्यांच्या इंग्रजी शिक्षणाचें चीज होईल.

येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर शाळेच्या तळमजल्यावरील खोलींत बैठक ठेविली आहे. त्या खोलीस पायरी नाहीं, चाकाची खुर्ची सरळ आंत येते. यजमान कुटुंबांनीं त्या दिवशीं यावेंच. परंतु ज्यांच्या घरीं असें माणूस आहे त्यांनीं अगोदर यावें, आणि त्या माणसालाही बरोबर आणावें. तें ओरडलें, खुर्चीवरून उठून फिरूं लागलें, तरी कोणी वळून पाहणार नाहीं, याची व्यवस्था मी करीन. येतांना औषधांची चिठ्ठी तेवढी विसरूं नये. पत्रक तेथेंच लिहावयास घेऊं.